सूचकता आणि चार लिटर दूध

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे मार्गदर्शकांचा तुटवडा कधी पडला नाही. ताडोब्यात जिप्सीत पुढे बसणारा गाइड असतो. पोलीस भरतीचा मार्गदर्शक असतो. तो पहाटे पोरापोरींना डांबरी रस्त्यावर पळवतो आणि दुपारी सामान्य ज्ञान पाजतो. वनरक्षक भरतीचा वेगळा, तलाठी भरतीचा वेगळा. या सगळ्यांच्या शेपटाला साहित्याचे मार्गदर्शक येतात आणि त्यांच्याही शेपटाला मी.

याला थोडाफार इतिहास आहे. चंद्रपूरने अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दोनदा भरवले. १९७९ साली वामन कृष्ण चोरघडे अध्यक्ष होते, २०१२ साली पंच्याऐंशीव्या संमेलनाला वसंत आबाजी डहाके. संमेलन आटोपून पाहुणे गाडीत बसले की गावात दोन गोष्टी उरतात: छापून जास्त झालेले बिल्ले आणि मार्गदर्शक. ज्याने एकदा बिल्ला लावला तो आयुष्यभर नवोदितांना मार्गदर्शन करायला मोकळा. मी २०१२ला भोजन समितीत होतो. कूपन तपासायचो. पण चांगल्या चांगल्या लेखकांना मी दुसऱ्यांदा जिलेबी घेताना अडवले आहे, आणि माझ्या मते साहित्याकडे निर्लेपपणे पाहण्याची दृष्टी तिथेच येते.

तर माझ्याकडे एक विद्यार्थिनी आली. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची, गाव सिंदेवाही तालुक्यात, राहायला तुकूमला खोली करून. खोलीतल्या बाकीच्या मुली भरतीच्या. त्या पहाटे धावायला जात आणि ही त्या वेळात कथा लिही. ‘कथा लिहिते’ हे तिने घरी सांगितले नव्हते. घरी सांगितले होते की स्पर्धा परीक्षेच्या निबंधाची शिकवणी लावली आहे. म्हणजे कल्पित लेखनाचा पाया पक्का होता.

रविवारी सकाळी गॅलरीत आमची बैठक बसे. लेखकाला म्हणे कोऱ्या कागदाची भीती वाटते. ही अडचण चंद्रपुरात नाही. एकीकडे कोळशाच्या खाणी, दुसरीकडे औष्णिक वीज केंद्र, त्यामुळे गॅलरीत ठेवलेला कागद आपोआपच कोरा राहत नाही. पोरीने लाँगबुक उघडले, फुंकर मारली आणि पहिली कथा वाचायला घेतली.

कथा पुण्यात घडत होती. नायिका फर्ग्युसन रस्त्यावर कॉफी पीत होती, बाहेर पाऊस रिमझिमत होता, आणि नायक कॉर्पोरेट होता. म्हणजे काय, ते कथेत नव्हते. नुसता कॉर्पोरेट होता.

“पुण्याला कधी गेली होतीस?”

“नाही जी.”

“कॉफी पितेस?”

“नाही जी. पित्त होते.”

मग मी तेच वाक्य बोललो जे जगातला प्रत्येक मार्गदर्शक पहिल्या दिवशी बोलतो, की बाई गं, जे माहीत आहे ते लिही. ती म्हणाली, “म्हणजे काय लिहू जी?” मी हात फैलावून गॅलरीबाहेर दाखवले. बाहेर पाण्याच्या टाक्या होत्या, पण माझ्या मनात जंगल होते. ते तिला कळले. पोरगी हुशार.

पुढच्या रविवारी जंगल आले. एवढे आले की चहाचे कप ठेवायला जागा उरली नाही. पहिल्याच ओळीत वाघ. दुसऱ्या ओळीत मोह टपटपत होता, तिसरीत सागाची गर्द राई. एका पानात पळस तीनदा फुलला, तोही श्रावणात. मी विचारले, “श्रावणात पळस?” तिने शांतपणे उत्तर दिले, “फागुनातच फुलते जी, मले माहीत हाय. पन गोष्ट श्रावणातली हाय, अन् तुमाले पळस आवडते.”

इथे मला एकूणच एक तक्रार नोंदवायची आहे. आमच्याकडच्या नवीन पोरांनी काय लिहावे याबद्दल पुण्या-मुंबईच्या, आणि खरे सांगायचे तर नागपूरच्याही, मंडळींच्या कल्पना फार पक्क्या असतात. सफारीला आलेल्या पाहुण्याला जसा पैसे भरल्याबरोबर वाघ दिसला पाहिजे, तसाच या संपादकांना चंद्रपूरच्या पाकिटातून वाघ निघायला हवा. वाघ नसेल तर निदान मोह. तेही नसेल तर नक्षलवादी. आता सिंदेवाहीच्या पोरीला मोबाइलचा हप्ता असतो, मैत्रिणीची जळजळ असते, एस.टी. हुकलेली असते; यातले काही छापायला गेले की उत्तर येते, कथा चांगली आहे, पण तुमच्या मातीचा गंध कमी पडला. तो गंध म्हणजे ताडोब्याच्या गेटवरचा.

ज्यांनी खरोखर जंगल लिहिले त्यांना काय पडले ते बघावे. मारुती चितमपल्ली मूळचे सोलापूरचे. वनखात्यात साडेतीन दशके काढली, त्यातला मोठा काळ आमच्या विदर्भात. नवेगावबांधला माधवराव पाटील डोंगरवारांसारख्या जाणत्या माणसाच्या मागे मागे हिंडून त्यांनी तळे आणि पक्षी शिकून घेतले. अधिकारी खात्याचे, पण गुरू गावातला. पुढे २००६च्या सोलापूर संमेलनाचे अध्यक्षपद मिळाले, २०२५ साली पद्मश्री, आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. आणि आम्ही पोरांना सांगतो, पुढच्या रविवारपर्यंत जंगल लिहून आण.

एका रविवारी पोरगी उशिरा आली. गावाहून थेट आली होती. कथा नव्हती. मी जरा कडक चेहरा करणार तोच ती म्हणाली, “आमची गाय वाघानं नेली जी. पंचनाम्यात दिवस गेला.” आणि मग तिने पंचनामा सांगितला. तो मी माझ्या शब्दांत देतो, त्यात पन्नास टक्के माल गळतो हे धरून चाला.

गाय आजीची होती. मेल्यावर वनखात्याची भरपाई मिळते आणि त्यासाठी जागेवर पंचनामा होतो, हे आमच्याकडे लहान पोरालाही पाठ आहे. वनरक्षक आला. नवीनच लागलेला, बूट कोरे. बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, गाय पडलेली, भोवती अर्धा गाव. त्याने वही काढली आणि विचारले, आजी, गाय दूध किती द्यायची? आजीने पदर डोळ्याला लावला आणि म्हणाली, चार लिटर. ही गाय हयातीत पावशेराच्या वर कधी गेली नव्हती. शेजारीण उभी होती. तिची आणि आजीची तणसाच्या ढिगावरून जुनी अढी. तिला राहवेना. ती म्हणाली, चार लिटर? मंग पोरं काळा चहा कायले पेत होते? झाले. मेलेल्या गाईवरून जिवंत भांडण लागले. गाईचे वय निघाले, तिने कोणाची वाल खाल्ली ते निघाले, शेजारणीच्या सुनेचे माहेर निघाले. वनरक्षक दोन्हीकडे मान वळवून लिहून घेत होता, कारण खात्यात सगळे नोंदवायचे असते. एवढ्यात एक पोरगा म्हणाला, “वाघ तिकडंच हाय.”

लँटानाच्या झुडपामागे काहीतरी हलले होते. क्षणात बांधी रिकामी झाली. शेजारीण सगळ्यांत पुढे. वनरक्षकही वही घेऊन निघाला, पण निघता येईना. आजीने त्याच्या शर्टाची बाही धरली होती. “अंगठा घेऊन जा बापा,” ती म्हणत होती. “अंगठ्याबिगर कागद पुढं जात नाही.” तो म्हणाला, आजी, वाघ! आजी म्हणाली, “तो जेवला हाय. तू पॅड काढ.”

वनरक्षकाने पॅड काढले. शाई आजीच्या अंगठ्यापेक्षा त्याच्याच बोटांना जास्त लागली. झुडपातून शेवटी रानडुक्कर निघाले.

मी खुर्चीतून उठलो. म्हटले, पोरी, हीच कथा. अशीच्या अशी लिहून आण. एक शब्द बदलू नकोस.

तिने लिहून आणली. “निसर्गाच्या कुशीत वसलेल्या टुमदार गावी एक वयोवृद्ध आजी राहत असे. एके दिवशी क्रूर वनराजाने तिच्या गोमातेस भक्ष्यस्थानी पाडले. आजीच्या नेत्रांतून आसवांचा महापूर लोटला.” भांडण गेले, शेजारीण गेली, अंगठा गेला, रानडुक्करही गेले. उरला फक्त महापूर, आणि तो वैनगंगेलाही आला नव्हता.

मला वाटते आमच्याकडच्या मार्गदर्शनातली खरी गाठ इथे आहे. पोरांच्या तोंडात एक मराठी असते आणि बोटांत दुसरी. तोंडातली झाडीपट्टीची, भरभरून वाहणारी. बोटांतली पाठ्यपुस्तकाची, इस्त्री केलेली. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीच्या अभ्यासात आयुष्य घातले, बोलीची संमेलने होऊ लागली, पुस्तके आली. तरी वर्गात कोणी ‘पानी’ लिहिले की लाल गोल पडतोच. मी तिला सांगितले, बोलतेस तसे लिही. ती म्हणाली, “पहिलीपासून तसं लिवल्यावर मार्क कटले जी. आता तुमी म्हनता लिही. पेपर तपासाले तुमी येनार हा का?”

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते, म्हणून मी चहा मागवला. मग एक युक्ती काढली. तिला म्हटले, लिहू नकोस, मोबाइलवर बोल आणि मग ऐकून उतरव. हे जमले. दोन-तीन खेपांत आजी कागदावर उभी राहिली, बाही धरून. मी विशेषणे कापली. शेवटी तिने घातलेला ‘अशा प्रकारे आजीने धैर्य दाखवले’ हा परिच्छेद कापला. वर सूचकता या विषयावर प्रवचन दिले. लेखकाने सगळे सांगू नये, वाचकाला थोडे सोडावे, वगैरे. तिने ते वहीत लिहून घेतले आणि वही गावाला नेली. गावाला तिचे मामा होते.

मामा वडशाच्या एका नाटक कंपनीत. वडसा म्हणजे देसाईगंज. रेल्वेच्या पाटीवर वडसा, सरकारी कागदावर देसाईगंज आणि झाडीपट्टीत नाटकाची राजधानी. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो, कारण पुण्यामुंबईत अजून लोकांना वाटते की मराठी नाटक शनिवार-रविवारच जगते. आमच्याकडे धान कापून झाले, दिवाळी आली, की गावोगाव मंडई भरते. लेकी-जावई, सोयरेधायरे येतात, सोयरिकी जुळतात आणि रात्री नाटक. पूर्वी दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्री नाटक असा जोड होता. मध्ये २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पट थांबले, २०२१च्या अखेरीस पुन्हा मोकळे झाले. नाटक मात्र कोणासाठी थांबले नाही. वडशात कंपन्यांची कार्यालये आहेत, गावचे मंडळ जाऊन नाटक बुक करते, कापलेल्या बांधीत मंडप पडतो, आणि रात्री दहाच्या पुढे सुरू झालेला खेळ उजाडेपर्यंत चालतो. याच रंगभूमीवरचे कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. त्या दिवशी वडशाच्या चहाच्या टपरीवर ज्याने त्याने आपण त्यांच्याबरोबर काम केल्याचे सांगितले, आणि बहुतेकांचे खरेही असावे.

मामांची आणि माझी भेट वडशालाच झाली. चांदा फोर्टहून गोंदियाकडे जाणाऱ्या गाडीत बसलो. मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी करत गाडी रमतगमत वडशाला पोचते. मामा कार्यालयात पन्नीवर खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू, घोटत बसले होते. ते प्रॉम्प्टर. विंगेत उभे राहून आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्ये पुरवलेली, त्यामुळे कोणते वाक्य नटाच्या तोंडात बसते आणि कोणते घशात अडकते, याचे ज्ञान समीक्षकांच्या सात पिढ्यांना पुरेल एवढे. त्यांच्यासमोर पोरीची कथा होती, नाटकात घालायला घेतलेली. माझ्या लाल खुणांवर त्यांच्या हिरव्या खुणा.

“गुरुजी,” ते म्हणाले, “तुमी चांगलं कापलं. पन हाड बी कापलं.”

मी सूचकतेचा मुद्दा मांडला. मामांनी खर्रा घोटायचा थांबवून आदराने ऐकला. मग म्हणाले, “ते ठीक हाय. पन रातचे तीन वाजले, थंडीनं दात वाजून राहिले, शेवटच्या रांगेत एक बुढी बसली हाय. तिले सूचक ऐकू येत नाही. अन् तिनं तिकीट काढलं हाय.”

त्यांचे सगळे शास्त्र याच बुढीभोवती बांधलेले. एक वाजता रडवायचे, कारण तेव्हा पोरे झोपतात आणि बायकांना मोकळेपणाने रडता येते. दोनला हसवायचे, नाहीतर माणसे चहाला उठतात आणि तिकडेच रमतात. अडीचला गाणे. चारच्या पुढे नवीन पात्र आणायचे नाही. प्रेक्षकाला जुनी सांभाळणेच जड जाते. दारुडा नवरा हवाच. गडचिरोली जिल्ह्यात १९९३पासून दारूबंदी आहे, तरी रंगमंचावर दारुडा आला की मंडपाला तो इतका ओळखीचा कसा वाटतो, हे मी मामांना विचारले नाही. विचारले असते तर त्यांनी सांगितले असते, अशी भीती होती.

मी नाटकाच्या सगळ्या कार्यशाळांना गेलो आहे, कधी शिकायला, कधी शिकवायला. तिथे फळ्यावर बाण काढून संघर्षबिंदू दाखवतात. मामांना संघर्षबिंदू माहीत नव्हता, पण रात्री किती वाजता शेकोटीकडे माणसे सरकतात हे माहीत होते. माझे मत विचाराल तर दोन्ही शिकवावे, आधी शेकोटी.

मग पोरीच्या कथेवर दोन गुरूंची रस्सीखेच सुरू झाली. मी काढायचो, मामा घालायचे. मी शेजारणीची सून काढली, मामांनी तिला प्रवेश दिला. मी शेवट रानडुकरावर ठेवला, मामा म्हणाले, जनावर स्टेजवर आणायचे कसे? मग त्यांनी वनरक्षकाला आजीच्या नातीशी प्रेमात पाडले आणि पंचनाम्याच्या पॅडवर एक द्वंद्वगीत चढवले. मी फोनवर कडाडलो. पोरगी मध्ये उभी राहून दोघांनाही “हाव जी” म्हणायची आणि नंतर स्वतःच्या मनाने लिहायची. हे मला फार उशिरा कळले आणि मामांना अजून कळायचे आहे.

तिच्या गावच्या मंडईला मला आग्रहाने बोलावले. समोर खुर्च्या, मागे जमिनीवर तणस अंथरलेले, त्यावर घोंगड्या घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे. मी खुर्चीवर. मोठे नाटक भावाबहिणीचे होते, त्यात दोनच्या सुमाराला पंचनामा घुसवलेला. एक वाजता ठरल्याप्रमाणे मंडप रडला. माझ्या शेजारच्या बाई शेंगा सोलत रडत होत्या. एकही शेंग हुकली नाही, एकही हुंदका हुकला नाही. मग दोन वाजले. कंपनीच्या विनोदी नटाने लुगडे नेसून आजी केली होती. कोरे बूट घातलेला वनरक्षक आला, वही उघडली, दूध किती म्हणाला, आणि नट म्हणाला, “चार लिटर!”

तणसावरून खणखणीत आवाज आला: “चार नाही रे मुडद्या, पाच सांगितलं होतं!”

खरी आजी उठून उभी होती. मंडप असा हसला की कनाती हलल्या. नट कसलेला. त्याने तिथल्या तिथे हात जोडले आणि वनरक्षकाला सांगितले, “साहेब, पाच करा, मालकीन आली.” आता शेजारणीला खरे तर घरी झोपायला हवे होते. पण तीही मंडपातच होती, आणि तिने पावशेराचा मुद्दा जागेवरून मांडला. पुढची पंधराएक मिनिटे लिहिलेला एक शब्दही कोणी बोलले नाही. विंगेत मामा हातात वही घेऊन उभे, पुरवायला काही उरले नव्हते. पोरगी विंगेच्या दुसऱ्या बाजूला खाली बसून मोबाइलवर सगळे रेकॉर्ड करत होती. द्वंद्वगीत राहूनच गेले. अडीचची वेळ टळली आणि तरीही एक माणूस चहाला उठला नाही, हे मामांनी सकाळी जरा दुखावलेल्या सुरात कबूल केले.

पहाटे हिशेबाला बसलो तेव्हा लेखकपदाचे वाद निघाले. मामांचे म्हणणे, रचना त्यांची. मी म्हटले, संस्कार माझे. आजीने विचारले, गाय कोनाची? यावर सगळे गप्प बसले. कंपनीच्या मालकाने पोरीच्या हातावर पाकीट ठेवले. ते माझ्या आजवरच्या सर्व दिवाळी अंकांच्या मानधनापेक्षा जाड होते, आणि दिवाळी अंकांचे मानधन माहीत असलेल्यांना हे फारसे आश्चर्याचे वाटणार नाही. पुढच्या खेळांच्या हँडबिलावर माझे नाव आले. मंडप डेकोरेशनच्या खाली, साउंड सिस्टीमच्या वर.

आजीने पैसे घेतले नाहीत. तिची एकच अट होती, की ज्या ज्या गावी खेळ लागेल तिथे गाईचे दूध थोडे थोडे वाढवायचे. मामा आधी कुरकुरले, मग त्यांनी वहीत लिहून घेतले. पोरीने विचारले, “हे सूचक होते का जी?” मी म्हटले, होते. महाशिवरात्रीपर्यंत ती गाय अकरा लिटरवर गेली होती.